रस्सा आमच्या हातचा, बाक तुमचे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपुरात गोळीबार चौकाकडच्या एका वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. विषय घरकामगार बायांच्या नोंदणीचा. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कायदा झाला म्हणजे तो वस्तीपर्यंत चालत येतोच असे नाही. कागद, झेरॉक्स, फोटो, सही, अंगठा, यात सकाळी दहाला बसलो ते अडीच वाजले. पोटात कावळे ओरडायला लागले. वस्तीतलीच एक मैत्रीण म्हणाली, ‘चला व, आज सावजीत जेवू. रोज रोज डब्बे काहून खाता?’ आम्ही सात जणी होतो. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, दोघी साठी ओलांडलेल्या. निघालो.

भोजनालय म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. सहा टेबले, लाकडी बाके, भिंतीवर भावाचा फळा, कोपऱ्यात माठ, दाराशी गल्ला. चार टेबलांवर पुरुष जेवत होते, दोन मोकळी होती. आम्ही आत पाऊल टाकले आणि खोलीतला आवाज एकदम खाली आला. गल्ल्यावरच्या माणसाने आमच्याकडे न बघता आमच्या पाठीमागे बघितले, मागून कोणी बाप्या माणूस येतोय का म्हणून.

‘सोबत कोणी नाही का जी?’

‘आहे ना. आम्ही एकमेकींच्या सोबत आहोत.’

‘मंग वर जा. फॅमिली वर बसते.’

एक जण वर जाऊन बघून आली. उभा जिना, वर कांद्याची पोती, तेलाचे रिकामे डबे, एक टेबल, न फिरणारा पंखा. खाली दोन टेबले मोकळी असताना पुरुषाशिवाय आलेल्या बायांची जागा ही. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाई पुढे झाल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊ, आम्ही फॅमिली नाही. आम्ही गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाईक कुठं बसते?’

आम्ही खालीच बसलो. एका टेबलावरचा पेला टेबलाखाली गेला. एका माणसाने ताट तसेच उरकून घेतले. बाकीचे थोडा वेळ बघत राहिले, मग आपल्या रश्शाकडे वळले. आभाळ काही कोसळले नाही.

जेवण आले. काळपट तांबडा रस्सा, वर बोटभर तर्री, ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू. कोणी मटण घेतले, कोणी खूर, कोणी कलेजी. आमच्यातल्या दोघी माळकरी घरातल्या, त्यांनी पाटोडी रस्सा आणि डाळकांदा घेतला. सावजी रश्शाची गंमत अशी की पहिल्या घासाला तो सभ्य वाटतो. मिरी, लवंग, दगडफूल, भाजलेले खोबरे, खसखस यांचा वास आधी येतो. तिखट मागाहून येते आणि कानापर्यंत जाते. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण भाकरीचा तुकडा पुन्हा ताटलीकडे जातोच. सात जणी पोट भरून जेवलो, मोठ्याने हसलो, पदराने नाक पुसले.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा स्वयंपाकघर दिसले. तिथे तीन बाया होत्या. एक भाकरी थापत होती, एक मोठ्या गंजात रस्सा हलवत होती, तिसरी कांद्याच्या ढिगासमोर बसली होती. बाहेर रस्त्यावरच्या पाटीवर एका पुरुषाचे नाव आणि खाली ‘घरगुती चव’. आत ही चव ज्यांच्या हातची, त्या तिघी. रस्सा हलवणारी मावशी आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘तुमी खालीच बसल्या, मले लय बरं वाटलं जी. मले आठ वर्सं झाली इथं. त्या बाकावर मी अजून नाई बसली.’

हा लेख त्या वाक्यासाठी आहे.

‘घरगुती’ म्हणजे काय?

नागपूरच्या बाहेरच्या मैत्रिणींसाठी थोडे सांगते. सावजी जेवण हे मुळात इथल्या हलबा-कोष्टी समाजाच्या घरातले जेवण. हा विणकरांचा समाज. पाचपावली, तांडापेठ, नाईक तलाव, गोळीबार चौक या भागांत त्यांची दाट वस्ती. एके काळी या गल्ल्यांतून हातमागाचा आवाज यायचा आणि नागपुरी लुगडी विदर्भभर अंगावर असायची. मग गिरणी आली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडाने हातमागाला खाल्ले, पुढे यंत्रमागाने उरलेसुरले खाल्ले, आणि शेवटी गिरणीच बंद पडली. आज एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. या सगळ्या उलथापालथीत कोष्टी घरांनी पोटासाठी जे जे केले त्यात एक होते घरच्या ओसरीवर चार माणसांना जेवू घालणे. ओसरीचे भोजनालय झाले, भोजनालयाची ख्याती झाली, आणि आता ‘सावजी’ हे नाव नागपूरची ओळख म्हणून पुण्या-मुंबईच्या पाट्यांवरही दिसते.

ही कथा नेहमी अशीच सांगितली जाते. समाजाने केले, घरांनी केले. पण घर म्हणजे कोण? घराच्या भिंतींनी मसाला वाटला काय?

आठवून बघा, हातमागाच्या काळातही हेच होते. मागावर बसायचा तो विणकर. पण रहाटावर कांड्या भरायच्या, सूत उकलायचे, तुटलेले धागे जोडायचे, हे काम बायका आणि पोरी करायच्या. कांडी भरली नाही तर धोटा रिकामा फिरेल. तरी विणकर तो, आणि ती विणकराची बायको. मजुरी त्याच्या हातात, कांड्या भरणे म्हणजे ‘घरातली मदत’. माग गेले, चूल आली, आणि मोजमाप मात्र तेच राहिले. भोजनालय त्याचे, आणि आत भाजते, वाटते, रांधते ती त्याची आई, त्याची बायको, त्याची वहिनी, किंवा रोजावर आणलेली शेजारची मावशी. ती पुन्हा ‘मदत’. ‘सावजी’ हा कोष्टी पुरुषाला आदराने हाक मारायचा शब्द. आज बहुतेक पाट्यांवर तोच असतो. त्याच्या घरातली बाई पाटीवर नाही, बिलावर नाही, गल्ल्यावरही क्वचितच दिसते.

‘घरगुती चव’ या दोन शब्दांचा अर्थ म्हणून जरा उकलून बघितला पाहिजे. गिऱ्हाइकाला हे शब्द का आवडतात? कारण घरात जेवण बनते तेव्हा बनवणारी तास मोजत नाही, रजा मागत नाही, आणि जेवणाऱ्याला तिचे नाव घ्यावे लागत नाही. सरकारनेच केलेल्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत निघाले की घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ही जी जवळजवळ पाच तासांची फुकटची सवय आहे, तिलाच बाजारात ‘घरगुती’ म्हणतात. भोजनालयात जेवणाला किंमत येते, पण बनवणारीला घरातलाच हिशेब लावला जातो. माल बाजाराच्या भावाने, बाई घरच्या भावाने!

मावशीने आपला रोज आम्हाला सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण त्यावरून तिला ओळखतील. एवढेच सांगते की समोरच्या टेबलावर चौघांनी जेवून जे बिल भरले ते तिच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त होते. कामावर यायची वेळ सकाळी आठ, जायची वेळ गिऱ्हाईक संपेल ती. आठवड्याची सुट्टी नाही. बायांसाठी संडास नाही. शेजारच्या घरी जावे लागते, आणि रोज रोज जायला लाज वाटते म्हणून ती पाणीच कमी पिते. आगीसमोर बसून!

आणि हे काम अडाणीपणाचे आहे असे समजू नका. धने, शहाजिरे, कलमी, लवंग, मिरे, विलायची, जायपत्री, तेजपान, दगडफूल, खसखस, खोबरे, मिरची, यातले प्रत्येक वेगळ्या आचेवर भाजावे लागते. खसखस क्षणभर जास्त राहिली तर कडवट, धने कमी भाजले तर रस्सा कच्चा. कुठे घट्टपणासाठी ज्वारी भाजून घालतात. पूर्वी जवसाचे तेल असायचे, त्याची फोडणी सांभाळणे आणखी वेगळे. बत्तीस मसाले घालतात असे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मसाले मोजणारे पुष्कळ भेटतात, पण ते भाजताना बाईला जो ठसका लागतो, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ही मिरचीही कोणाच्या तरी हातातून येते. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर बाया दिवसभर बसून देठ खुडतात, किलोमागे मजुरी घेतात आणि रात्री आग होणारे हात थंड पाण्यात बुडवून ठेवतात. सातऱ्यापासून ताटापर्यंत सगळ्या वाटेवर बाईच उभी आहे. फक्त बाकावर ती नाही.

मर्दानी रस्सा

दुसरी गोष्ट. सावजी म्हणजे ‘मर्दांचे जेवण’ असे एक थोतांड या शहरात फार चालते. झणझणीत खाणे म्हणजे मर्दपणा, घाम पुसत आणखी तर्री मागणे म्हणजे मर्दपणा. बायकांना काय सोसणार? अहो, ज्या बाईने ती मिरची भाजली, वाटली, गंजात ओतली, तिच्या फुप्फुसात ती तुमच्या ताटात येण्याआधीच गेलेली असते! तिला सोसते म्हणून तुमच्या मर्दानगीचा रस्सा होतो.

या मर्दानी जेवणाचा एक छुपा उपयोगही आहे. आपल्यापैकी अनेकींनी तो आपापल्या घरात बघितला असेल. उच्चवर्णीय घरातला पुरुष घरी गुरुवार, चतुर्थी, चातुर्मास सगळे पाळतो. पाळतो म्हणजे बायको पाळते. तिने वेगळी भांडी ठेवायची, अंडे घरात आणू द्यायचे नाही, सासूबाईंचे सोवळे सांभाळायचे. आणि हा शनिवारी मित्रांबरोबर सावजीत जाऊन मटण ओरपून, पान खाऊन घरी येतो. घराची शुद्धता बायकोच्या जिभेवर ठेवलेली, आणि याच्या जिभेला शहरभर परवाना! कोष्ट्याच्या हातचे जेवताना याला जात आठवत नाही. पोरीने त्याच वस्तीतल्या पोराशी लग्न करतो म्हटले की मात्र एका रात्रीत सगळी कुळे आठवतात. जातीची वेस बाईच्या अंगावरून जाते हे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. ती तिच्या ताटावरूनही जाते, हे थोडे कमी बोलतो.

बरे, ज्या घरांत मांस शिजते तिथे तरी बाईच्या ताटात काय येते? बोटी आधी पुरुषांना, मग पोरांना, त्यातही पोरग्यांना. शेवटी गंज पुसताना उरलेला रस्सा आणि भाकर तिची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. आपण गावोगाव रक्तवाढीच्या गोळ्या वाटत फिरतो, आणि लोहाने भरलेली कलेजी मात्र ‘मर्दानी’ म्हणून बाकावर बसलेल्याच्या ताटात जाते. याला काय निव्वळ आवडनिवड म्हणायचे?

आपल्या पंगतीचे काय?

इथपर्यंत वाचून मैत्रिणी माना डोलावतील. पुरुषांवर टीका आहे, ती गोडच लागते. आता आपल्याकडे वळू.

नागपूरच्या स्त्रियांच्या इतिहासात जेवणाच्या पंगतीची एक जखम आहे. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. जाईबाई चौधरी त्याला हजर होत्या. डोक्यावर ओझी वाहून पोट भरलेली, शिकून शिक्षिका झालेली आणि दलित मुलींसाठी याच शहरात शाळा काढलेली ही बाई. जेवणाच्या वेळी तिला आणि तिच्यासारख्या दलित कार्यकर्त्यांना वेगळे बसवले गेले. परिषद बायकांची, भाषणे भगिनीभावाची, आणि पंगत जातीची! दलित बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी निषेध केला, आपली संघटना बांधली, आणि २० जुलै १९४२ ला याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली तेव्हा सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात हा सारा इतिहास खणून काढला नसता तर आपल्यापैकी कित्येकींना त्याचा पत्ताही लागला नसता.

आज आपण कोणाला वेगळे बसवत नाही, खरे आहे. पण आपल्या शिबिरांत, परिषदांत जेवण काय असते ते आठवा. वरण, भात, पोळी, मटकी, शिरा. ‘सगळ्यांना चालते म्हणून.’ या ‘सगळ्यांना’त कोण येते? बोंबील, खूर, सुंदरी खाऊन वाढलेली बाई ‘सगळ्यां’त असते की नसते? तिला ते वरण चालते, कारण तिला चालवून घ्यायची सवय आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले, तेव्हा विचारलेला प्रश्न हाच होता: हे ताट भारतीय नाही काय? तो प्रश्न आपल्या शिबिरांच्या भटारखान्यापर्यंत अजून पोचलेला नाही. आमच्या त्या बैठकीतही आधी ठरले होते साबुदाण्याची खिचडी मागवायचे. सावजीचे नाव काढायला वस्तीतली मैत्रीण लागली.

तीन आक्षेप

ही हकिकत मी नंतर दोनतीन ठिकाणी सांगितली. आक्षेप आलेच.

पहिला आक्षेप: बायकांवर अत्याचार होताहेत, हुंडाबळी जाताहेत, आणि तुम्ही हॉटेलातल्या बाकासाठी भांडता? मोठे प्रश्न सोडून हे काय? माझे उत्तर असे की मोठा प्रश्न आणि बाक हे एकाच लाकडाचे आहेत. ‘सोबत कोणी नाही का?’ हा प्रश्न गल्ल्यावर विचारला जातो, तोच पोलीस चौकीत विचारला जातो, दवाखान्यात विचारला जातो, भाड्याची खोली बघायला गेले की विचारला जातो. एकटी बाई म्हणजे अर्धवट वाक्य. पुढे कोणीतरी पुरुष लागला की पूर्ण होते. जी बाई भर दुपारी, पैसे देऊन, भूक लागली म्हणून बाकावर बसू शकत नाही, ती रात्री रस्त्यावरून निर्धास्त चालेल असे कोणाला वाटते?

दुसरा आक्षेप: तिथे दारुडे असतात, बायकांच्याच भल्यासाठी वरची खोली ठेवली आहे. हा आक्षेप प्रेमाने येतो म्हणून जास्त धोक्याचा. विदर्भातल्या बायकांना दारूबद्दल कोणी शिकवू नये. १९९३ ची गडचिरोलीची दारूबंदी लोकांनी, त्यांत बायांनी, लढून मिळवली. २०१५ साली चंद्रपूरची बंदी आणायला बाया मैलोगणती चालल्या, आणि २०२१ मध्ये ती उठली तेव्हा रडल्याही. दारूचा त्रास काय असतो ते आम्हाला ठाऊक आहे. पण टेबलाखाली पेला ठेवणारा खाली पंख्याच्या वाऱ्यात, आणि पेल्याला हात न लावणाऱ्या सात जणी वर पोत्यांमध्ये, हा कोणता न्याय? गुन्हा ज्याचा त्याला जिना दाखवा. शिवाय, दारुड्यांमुळे जिथे बसणेही बाईला सुरक्षित नाही म्हणता, तिथे त्या तिघी रात्री अकरापर्यंत भांडी घासतात. त्यांच्या भल्याची काळजी कोणाला?

तिसरा आक्षेप आपल्याच एका जुन्या कार्यकर्तीचा, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटला. ती म्हणाली, ‘आपण बायकांना चुलीपासून सोडवायला निघालो होतो. आता तू चुलीचे गोडवे गातेस?’ नाही, मी चुलीचे गोडवे गात नाही. पण चूल सुटावी असे आपण म्हणत होतो ते कोणत्या चुलीबद्दल? बिनपगारी, बिननावाच्या, न संपणाऱ्या चुलीबद्दल. चुलीपासून सुटण्याच्या नादात आपण त्या कामातल्या कसबाकडेही पाठ फिरवली, आणि ते कसब पुरुषांनी उचलून त्याची पाटी केली. सुताराच्या हातात कसब आहे म्हणतो, तर पन्नास माणसांचा रस्सा अंदाजाने तोलणाऱ्या हाताला ‘बाईच्या जातीला येतेच ते’ कसे म्हणतो?

आणि हा रस्ता नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायकांना स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज मिळवून दिले. तेव्हा पहिल्यांदा खानावळवाली ही ‘कुणाची तरी बायको’ न राहता कामकरी बाई म्हणून कागदावर आली. हेच काम नागपूरच्या सावजी चुलीपाशी का होऊ नये? काही भोजनालये इथेही बायाच चालवतात, गल्ल्यावरही बसतात, आणि बेधडक बसतात. त्यांच्याकडून शिकायला हवे. पण त्या अपवाद म्हणून कौतुकाच्या बातमीत येतात, आणि बाकीच्या जणी मागच्या अंगणात राहतात.

मग करायचे काय?

आमच्या गटाने त्या दिवसानंतर चार गोष्टी ठरवल्या. फार मोठ्या नाहीत, पण करता येण्याजोग्या आहेत.

एक, महिन्यातली एक बैठक झाली की वस्तीतल्या एखाद्या सावजीत जेवायचे, आणि खालीच बसायचे. भांडण नाही, घोषणा नाही. गिऱ्हाईक म्हणून बसायचे, पैसे द्यायचे, पुन्हा यायचे. सवय पाडायची. आपल्यालाही आणि त्यांनाही.

दोन, जेवण झाल्यावर मागच्या अंगणात जायचे आणि रांधणारीला नाव विचारायचे. तिला सांगायचे की रस्सा तुझ्या हातचा आहे, आम्ही तुझ्या हातचे जेवलो. चार वेळा गेले की ती बोलते. मग मजुरी, वेळ, सुट्टी, संडास, भाजल्यावर औषधाचा खर्च, हे सगळे बाहेर येते.

तीन, कायद्याची माहिती मागच्या दाराने आत न्यायची. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कामाच्या जागेवरच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि तक्रार मालकाविरुद्ध असली तरीही करता येते. आम्ही विचारलेल्या एकाही स्वयंपाकीण बाईला हे ठाऊक नव्हते. उलट २०१७ साली राज्यात दुकानांचा नवा कायदा आला तेव्हा त्याने दहापेक्षा कमी माणसांच्या जागा जवळपास मोकळ्याच सोडल्या. म्हणजे जिथे मावशी राबते नेमके तिथेच कायद्याचा हात आखडला. ही फट बुजवायची मागणी घरकामगारांच्या मागणीला जोडून घेतली पाहिजे. परक्याच्या घरात रांधणारी आणि परक्याच्या भोजनालयात रांधणारी, दोघी एकाच वस्तीत राहतात, पुष्कळदा एकीच्या दोन पाळ्या असतात.

चार, आपल्या शिबिराच्या पंगतीत ‘सगळ्यांना चालते’ हे वाक्य बंद. काय शिजवायचे ते जमलेल्या बायांना विचारायचे. ज्यांना नको त्यांच्यासाठी पाटोडी रस्सा आहेच, तोही तितकाच झणझणीत असतो. आणि शिबिरात रांधायला ज्या बाया येतात त्यांनाही आपल्याच पंगतीत, आपल्याबरोबर बसवायचे. वाढायला आपण उभे राहू.

इतर गावांतल्या गटांनी आपापल्या गावचे लिहावे. तुमच्याकडे खानावळ असेल, मिसळीचे दुकान असेल, माशांच्या जेवणाची जागा असेल. तिथे मागे कोण राबते, गल्ल्यावर कोण बसते, एकटी बाई गेली तर तिला कुठे बसवतात, ते बघा आणि कळवा.

त्या भोजनालयात आम्ही त्यानंतर तीनदा गेलो. गल्ल्यावरचा माणूस आता वर जा म्हणत नाही. पाणी स्वतः आणून ठेवतो. सवय पडते ती अशी. आम्ही मावशीला म्हटले, एक दिवस तू आमच्याबरोबर बस, त्या बाकावर, गिऱ्हाईक म्हणून, पैसे आमचे. ती लाजली, मग हसून म्हणाली, ‘बसीन ना जी. सुट्टी भेटली का बसीन.’

सुट्टी अजून मिळालेली नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.